वाक्याला एक गुण

आमच्या घरात प्रश्न एकाला विचारला की उत्तर निदान तिघांकडून येतं. पोस्टमन दारात उभा राहून बाबांचं नाव विचारायचा. आई चुलीपासून नाव सांगायची, शेजारची काकी आपल्या ओट्यावरून आडनाव जोडायची आणि बाबा मागाहून लुंगी सावरत येऊन "हां, तोच मी" अशी कबुली द्यायचे. मला कुणी "कितवीत गं तू?" म्हटलं, तर माझं तोंड उघडेपर्यंत इयत्ता, मार्क आणि गणितात मी कशी गचके खाते, हे सगळं पाहुण्याला कळलेलं असायचं. त्यामुळे जगभर माणसं अशीच बोलत असणार, असा माझा समज होता. तो समज मला एकोणीस वर्षं पुरला, आणि जाता जाता त्याने चार मोठ्या विद्वानांच्या संशोधनाचे पंधरा दिवस पाण्यात घातले.

घर आमचं खालापूरहून कर्जतकडे जाताना आतल्या बाजूला. दोन खोल्या पुढे, दोन मागे, मध्ये न्हाणी आणि परसात एक जांभूळ. सकाळी पहिला आवाज भातगिरणीचा, मग कुंभिवलीकडच्या कंपनीचा भोंगा, आणि भोंगा झाला की बाबांची सायकल. दुपारभर एक्सप्रेसवेची घरघर कानाशी असायची. तो रस्ता नवा होता तेव्हा आम्हाला तिचा त्रास व्हायचा. आता ती थांबली तर झोपेतून दचकून उठू. आई अंगणवाडीची सेविका. तिची अंगणवाडी वर ठाकरवाडीत, पाऊण तासाच्या चढावर. हातात हजेरीची, वजनाची, लसीची अशी तीन-चार रजिस्टरं फडक्यात बांधलेली, आणि चालताना तोंडात सतत काहीतरी: गाणं, नाहीतर आज कुणाच्या पोराचं वजन घ्यायचं राहिलंय त्याची उजळणी. वाडीत तिला सगळे नुसतं "बाई" म्हणत. दुसरी बाई तिथे नव्हतीच, त्यामुळे नाव लावायची गरज पडली नाही.

आईच्या रजिस्टरांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकदा वरून तपासणी यायची होती, आणि एक पोर फार खंगलेलं होतं. कुणीतरी तिला सुचवलं की अर्धा किलो वाढवून लिहा, पाहणी झाली की बघू. आईने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "पोराचं वजन पेनानं वाढत नाय." तपासणीत तिला बोलणी बसली. ते पोर मात्र दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलं आणि जगलं. आज त्याचा टेंपो आहे, आणि आमच्या घराजवळून जाताना तो अजून उगाचच हॉर्न वाजवतो.

मी एकोणीस वर्षांची होते त्या वर्षी दिवाळीनंतर चौघेजण एका जीपमधून आले आणि आमच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. समाजकार्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम, एक डॉक्टर, मेंदूवर संशोधन करणारी एक तरुण ताई, तिचं मराठी बंगळूरहून निघून जेमतेम लोणावळ्यापर्यंत पोहोचलेलं, आणि गणिताचे एक प्राध्यापक. म्हातारपणी माणूस विसरायला लागतो. मग जो माणसांच्या गोतावळ्यात राहतो तो उशिरा विसरतो का, हे त्यांना शोधायचं होतं. मॅडम माणसांची विचारपूस करणार, डॉक्टर रक्त आणि दाब तपासणार, ताई डोक्याला तारांची टोपी घालून मेंदूचा आलेख काढणार. वाडीला या तिघांचं काम लगेच पटलं. गणितवाल्या सरांचं पटेना. ते कुणाला सुई टोचत नव्हते, काही विचारत नव्हते. नुसते ओट्यावर बसून कागदावर ठिपके काढत आणि ठिपक्यांना रेघांनी जोडत. वाडीतल्या बुधीबायने आईला हळूच विचारलं होतं, "बाई, ह्यो रांगोळीवाला कोन?" सर कधीमधी मला समजावायचे की एक ठिपका म्हणजे एक माणूस, आणि रेघ म्हणजे कुणाची आठवण कुणापाशी आहे ते. मी मान डोलवायचे. गणित सोडवता यावं म्हणून नव्हे, तर सोडता यावं म्हणून मी आर्ट्सला गेले होते, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

मला त्यांनी कामावर घेतलं ते माझं अक्षर बरं होतं आणि चढ चढताना मला धाप लागत नव्हती म्हणून. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडे जायचं आणि फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठे बसलोय. सुरुवातीला तीन शब्द सांगायचे, विळा, चिंच, घोंगडी, आणि शेवटी ते परत विचारायचे. विसातून तीन-तीन वजा करत खाली यायचं. ज्याला लिहिता येतं त्याने मनाने एक वाक्य लिहायचं. मी आठवडाभर आईवरच सराव केला. ती भाकऱ्या थापत असायची आणि मी मोरीशी पाट टाकून बसून तिला वार विचारायचे. ती म्हणायची, "काय गं, सकाळपासनं तिसऱ्यांदा इचारतीस. मी नाय ईसरले, तूच ईसरलीस."

वाडीतला पहिला फॉर्म बुधीबायचा. तिच्या पडवीत मी पॅड मांडीवर घेऊन बसले आणि विचारलं, "आज वार कोनता?" बुधीबाय काही बोलायच्या आत तिची सून म्हणाली बाजाराचा, जावई म्हणाला काल बाजार झाला, पलीकडची म्हातारी म्हणाली मग आज गुरुवार, आणि बुधीबायने मान डोलवली. मी लिहिलं: बरोबर. तीन शब्दांपैकी विळा तिने सांगितला, चिंच एका पोरीने सांगितली, आणि घोंगडी तर अंगणाच्या त्या टोकाला लाकडं फोडणाऱ्याने तिथूनच ओरडून सांगितली. बरोबर, बरोबर, बरोबर. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हाताऱ्या माणसाला परक्यासमोर अडखळत ठेवणं ही आमच्याकडे उद्धटपणाची परिसीमा. अडलं की पुढचा शब्द हातात द्यायचा, जसा उंबऱ्याशी हात देतात. आमच्या घरी आईचा फॉर्मही मी असाच भरला. ती एक उत्तर द्यायची, बाबा न्हाणीतून दुसरं, आणि राहिलेलं मी.

पंधरा दिवसांनी सरांनी माझे फॉर्म ओळीने मांडले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "सुनंदा, या वाडीत कुणीच काही विसरत नाही का?"

मी अभिमानाने म्हटलं, "नाही सर."

ते हसले. मॅडमही हसल्या, आणि मला कानशिलापर्यंत लाज चढली, कारण का हसले तेच कळेना. दुसऱ्या दिवशी सर माझ्याबरोबर वाडीत आले, एक फॉर्म भरताना पाहिला आणि परतताना उतारावर थांबले. म्हणाले, मला एका डोक्यातलं मोजायचं होतं, तू अख्खं अंगण मोजून आणलंस. रात्री जेवताना त्यांच्यात यावरून वादच झाला. डॉक्टरांचं म्हणणं फॉर्म फेकून द्या. मॅडमचं म्हणणं हेच तर आपण शोधायला आलो होतो. ताई दोघांकडे बघत वालाचं बिरडं तिसऱ्यांदा वाढून घेत होती. शेवटी ठरलं की फॉर्म नव्याने छापून सगळे पुन्हा भरायचे, आणि माणूस एकटा बसवायचा.

एकटा बसवणं हे तुम्हाला सोपं वाटेल. वाडीत माणसाला एकट्याला बाजूला नेतात ते दोनच कारणांनी: पोलीस आले असतील तर, नाहीतर कुणी वारलं असेल तर. बुधीबायला मी पाण्याच्या वाटेवरच्या खडकापाशी नेलं, समोर बसवलं आणि पॅड काढलं, तशी तिने पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. "सांग गं बाय, कोन गेला?" कुणी गेलं नाही हे पटवण्यात अर्धा तास गेला. पटल्यावर ती इतकी खूश झाली की सगळी उत्तरं हसत हसत चुकवली. टोपीच्या वेळी तर आणखी मजा. ताईने तारांची टोपी डोक्यावर बसवली आणि सांगितलं की ही टोपी आतून काही काढत नाही, फक्त ऐकते. बुधीबाय जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मंग मोठ्यानं इचार करू का हळू?"

आमच्या घरात लग्नकार्याला पोरं जमली की मला अजून हे सांगायला लावतात. आत्या, टोपी सांग. आत्या, कोन गेला सांग. मी आवाज काढून सांगते, पोरं लोळून हसतात आणि मी तिथेच थांबते. पुढचं मी अगदी अलीकडेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ यायची, तेव्हा कुणीतरी जेवायला वाढलंय म्हणायचं, आणि मला बरं वाटायचं.

त्या थंडीत आम्ही पाहुण्यांना पोपटी खाऊ घातली. शेतात दिवस कलताना मडकं रचायचं: तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. भांबुर्ड्याचा तो कडसर वास आणि शेंगांची वाफ यांची सर मला आजवर कुठल्या जेवणाला दिसली नाही. पोपटी नेहमी आईच लावायची. तिने मडकं भरलं आणि मला विचारलं, मीठ टाकलं का गं? मी हो म्हटलं. पाला दाबता दाबता तिने परत विचारलं. बाबा म्हणाले टाकलं. मडकं उलटं करताना तिने तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी आम्ही दोघांनी एकदम सांगितलं. डॉक्टर कौतुकाने बघत होते. त्यांना वाटलं, पोपटीला तीनदा मीठ विचारायची रीतच आहे. वहीत त्यांनी तसं टिपूनही घेतलं. आम्ही कुणीच त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की बाबा आणि मी बरेच दिवस हेच करतोय. ती चष्मा शोधायच्या आत बाबा तो तिच्यासमोर ठेवत. ती रजिस्टर घरी विसरून वाडीच्या वाटेला लागली तर मी मागून पळत जाऊन देई. आमटी खारट झाली की बाबा गुपचूप पाणी घालत. आम्ही तिला उंबऱ्याउंबऱ्याशी हात देत होतो, आणि तो आता सोडता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी चढावर तिच्याबरोबर चालताना मी खेळात विचारावं तसं विचारलं, आई, ते तीन शब्द सांग बरं. आठवडाभर तिने ते भाकरीच्या थापेबरोबर ऐकले होते. ती थांबली. वळून माझ्याकडे बघत हसली आणि म्हणाली, "कंचे शब्द?"

पुढच्या दिवसांत मी वाडीतल्या राहिलेल्या एकेकाला एकटं बसवून सगळे फॉर्म नव्याने भरले. गावातलेही भरले. आईचा मात्र जुनाच, न्हाणीतून बाबांनी भरलेला, त्या गठ्ठ्यात घातला. डॉक्टर म्हणाले होते की ज्यांचे गुण कमी येतील त्यांना कर्जतला नेऊन रक्त तपासू. काही प्रकारचं विसरणं औषधाने सुधारतं, काही नाही, पण कोणतं ते वेळेत कळायला हवं. हे मी ऐकलं होतं. मला वाटलं, कुणाच्या कानावर गेलं तर तिची अंगणवाडी जाईल. विसरणाऱ्या बाईच्या हाती पोरं कोण देईल? आणि अंगणवाडी गेली तर तिचं काय उरेल? आज मला हेही कबूल करायला हवं की कारण एवढंच नव्हतं. मला तो आकडा बघायचाच नव्हता.

सरांनी ओट्यावर गठ्ठा उघडला तेव्हा आई शेजारी वाल सोलत बसली होती. एक फॉर्म त्यांनी बाजूला काढला. छपाई जुनी होती. म्हणाले, हा एक चुकून आधीचा राहिलाय वाटतं, यात सगळंच्या सगळं बरोबर आहे. नाव त्यावर नव्हतं, नुसता आकडा होता. पण ते घरांचे आकडे आईच्याच रजिस्टरातून घेतलेले. तिने वालाचे हात पदराला पुसले, कागद घेतला, वरचा आकडा वाचला, मग खालची उत्तरं. मी चुलीपाशी उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सर, ह्यो माजा हाय," ती म्हणाली. "पन माजा नाय."

सरांनी चष्मा काढून पुसला, जे ते नेहमी अडचणीत आल्यावर करत. आईने उठून कागद घडी न करता माझ्या हातात दिला आणि पुन्हा वाल सोलायला बसली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिने बाबांना गिरणीवर पाठवलं, काकीला सांगितलं की तासभर हाका मारू नको, मागच्या खोल्यांतल्या पाहुण्यांना चहा आधीच देऊन टाकला. मग परसात जांभळाखाली दोन पाट मांडले आणि मला म्हणाली, "चल. एकटीला बसव."

मी म्हटलं, आई, कशाला, राहू दे ना. मला काय म्हणायचंय ते तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "सुने, पोराचं वजन पेनानं वाढत नाय. डोकं तरी वाढंल व्हय? जे हाय ते लिव."

थंडीचं ऊन पानांतून तिच्या मांडीवर पडत होतं. मी तीन शब्द सांगितले. वार विचारला, तिने सांगितला. महिना अडखळत सांगितला. विसातून तीन, सतरा. सतरातून तीन, चौदा. चौदातून तीन म्हटल्यावर ती बोटांकडे बघत राहिली. जन्मभर पोरांच्या वजनांच्या बेरजा-वजाबाक्या करणारी बाई. माझ्या जिभेवर अकरा आलं होतं. अकरा म्हणजे फार मोठा आकडा नाही. पण तो गिळायला मला जेवढं जड गेलं तेवढं पुढे काहीच गेलं नाही. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. ती म्हणाली, "जाऊ दे, फुडचं इचार." ते तीन शब्द विचारले. तिने चिंच सांगितली आणि परसाच्या भिंतीपलीकडे कुणी दोन शब्द ठेवलेत का, असं तिकडे पाहिलं. दोन्ही नाहीत म्हणून मी लिहिलं. अक्षर वाईट आलं.

शेवटचा प्रश्न वाक्याचा. मी पॅड आणि पेन तिच्याकडे दिलं, मनाने एक वाक्य लिही म्हटलं. तिने फार वेळ घेतला नाही. पॅड गुडघ्यावर टेकवून, रजिस्टरात लिहायची तसं उजवीकडे कललेल्या अक्षरात तिने एक ओळ लिहिली, पूर्णविराम दिला आणि पॅड परत केलं. नियम असा होता की वाक्यात काय आहे ते बघायचं नाही; अर्थ लागतो ना, एवढंच बघायचं. अर्थ लागत होता. मी एक गुण दिला, बेरीज केली आणि पान उलटलं. निदान एक तरी पुरता गुण मिळाला याचाच मला त्या क्षणी केवढा आनंद झाला होता.

"पास झाले का गं?" तिने विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

"बरं," ती म्हणाली, आणि पाट उचलून भाकऱ्यांना लागली.

कर्जतला रक्त तपासलं. सुधारणाऱ्यांपैकी ते नव्हतं. पण डॉक्टरांनी आईला समोर बसवून सगळं समजेल असं सांगितलं, तिला तेव्हा समजत होतं म्हणून. मग तिने स्वतःच काम सोडायचा अर्ज दिला. तिला कुणी काढलं नाही. नवी सेविका आली तेव्हा आईने एकेक रजिस्टर तिच्यापुढे उघडून दाखवलं, कुठल्या पोराला शेंगदाण्याचा त्रास होतो ते सांगितलं, राहिलेलं तिथल्या बायांनी भरून काढलं. पुढे दोन-तीन वर्षं ती सवयीने सकाळी वाडीची वाट धरायची. आम्ही अडवलं नाही. वाटेवर बुधीबाय भेटायची, तिचा हात धरून म्हणायची, "बाई, आज सुट्टी हाय," आणि सुट्टी असो-नसो, तिला खाली सोडायला यायची. कुणी तिला वार सांगायचं, कुणी माझं नाव. सरांनी जाण्यापूर्वी मला एक कागद दिला होता, त्यांच्या ठिपक्यांचा. वाडी आणि आमचं गाव मिळून. एका ठिपक्याला इतक्या रेघा होत्या की तो दिसत नव्हता. तो कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी चाळिशी ओलांडली. मध्यंतरी रजिस्टरांचं फडकं सापडलं आणि तिचं अक्षर बघितलं, तेव्हा एकदम ते वाक्य आठवायला बसले. आणि नाही आठवलं. "आज" या शब्दाने सुरू होत होतं, हे नक्की. "आज"मधल्या ज ची काठी तिने जरा लांब ओढली होती, हेही दिसतं. पुढे कोरं. ज्या मुलीला लोकांची स्मरणशक्ती तपासायला ठेवलं होतं, तिने आईने शहाण्या डोक्याने लिहिलेलं शेवटचं वाक्य गुण देऊन विसरून टाकलं. तिने नंतर किती तरी लिहिलं असेल, वाण्याच्या यादीत, कॅलेंडरवर. पण मनाने एक वाक्य लिही, असं तिला दुसऱ्या कुणी कधी म्हटलं नाही. मी म्हटलं होतं, आणि वाचलं नाही.

मी सरांचा पत्ता शोधून त्यांना कळवलं. ते आता निवृत्त आहेत. त्यांचं उत्तर आलं की कागद नियमाप्रमाणे मुदतीनंतर नष्ट केले, आकडे तेवढे उरलेत. खाली लिहिलं होतं, "तो फॉर्म मी त्याच दिवशी तपासला होता. वाक्य माझ्यासमोर होतं. मी फक्त रकाना भरलाय का ते पाहिलं. मला क्षमा करा."

त्यांचं उत्तर आलं त्यानंतरच्या रविवारी सगळे घरी होते, तर मी टोपीच्या पुढची गोष्ट पहिल्यांदाच पुरी सांगितली. सांगून झाल्यावर म्हटलं, काय लिहिलं असेल तिने? प्रश्न खरं तर मी स्वतःलाच विचारला होता. पण आमचं घर. तेव्हा शिकायला बाहेरगावी असलेला माझा भाऊ म्हणाला, आज मीठ टाकलं का, हेच लिहिलं असणार. भाची म्हणाली, आज रविवार आहे. वहिनी आतून म्हणाली, आज ऊन छान पडलंय. मी प्रत्येकीला-प्रत्येकाला मनात एकेक गुण देत गेले. सगळ्यांचाच अर्थ लागत होता.

बाबा खाटेवर पडून होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आम्ही त्यांना धरलं नव्हतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आज सुनीनं मला एक बी उत्तर सांगितलं नाय, असं लिवलं असंल."

बाबांच्या उत्तराला किती गुण द्यायचे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.